शकुनाची तिकिटं

बापूसाहेबांनी अडकित्ता हातात घेतला की सुपारीआधी घरातलं कुणीतरी कातरलं जाणार, हे थोरातांच्या सुनांना लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळायचं. सोमवारी दिवेलागणीला ओसरीवर अडकित्ता वाजायला लागला, तशी सुलक्षणानं पिठाची परात बाजूला सारली आणि दाराआड येऊन उभी राहिली. धाकट्या सुनेची जागा तीच. तिथून सगळं दिसायचं आणि मत कुणी विचारायचं नाही, म्हणजे दोन्हीकडून सुख.

"उद्या सकाळी पुण्याची बाई येतीय," बापूसाहेब म्हणाले. "आठ धाच्या शटलला किती माणूस चढतंय ते डोळ्यानं बघणार म्हणती. आन् आपल्याकडं तिकिटं हायत, माणूस न्हाई."

सोपानरावांनी, म्हणजे मधल्या भावानं, मान खाली घातली. बापूसाहेबांचा सार्थक मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, त्यानं ते आणखी आत घातलं.

हे दुखणं बारा वर्षांचं. त्या साली बोरझरी हॉल्ट बंद करण्याचं पत्र वरून आलं होतं. तिकीटच खपत नाही तिथं गाडी थांबवायची कशाला, असा सवाल होता आणि त्याला उत्तर नव्हतं. आबा, तिघा भावांचे वडील, तेव्हा अंथरुणाला खिळलेले. हा हॉल्ट गावात आणण्यासाठी त्यांनी अर्धं आयुष्य कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. त्यांनी तिन्ही पोरांना उशाशी बोलावलं आणि सांगितलं, "कॅनॉलच्या पाण्याची पाळी धरताय न्हवं? तशी तिकिटांची धरा. रोज एका घरानं तिकिटं काढायची. गाडीत बसायचं काम न्हाई. नुसती काढायची."

थोरातांनी बापाचा शब्द पाळला. जरा जास्तच पाळला. बापूसाहेबांनी पहिल्या दिवशी एक्कावन्न तिकिटं काढली, कारण चांगल्या कामाला कुणी पन्नास काढतं का? थोरल्यापेक्षा कमी पडायचं नाही हे सोपानरावांच्या आयुष्यातलं एकुलतं एक तत्त्व. त्यांनी दुसऱ्या दिवशी एकशे एक काढली. तिसऱ्या घरची पाळी सुलक्षणाकडे आली, कारण तिचा नवरा विश्वजीत रांजणगावच्या कंपनीत, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी. ती एकवीस काढायची. शिवाय साखरबाई आत्या, आबांची पाठची बहीण, दर गुरुवारी स्वतःची अकरा वेगळी काढायची. सगळी तिकिटं पुढच्याच स्टेशनाची, यवतची, कारण ती सगळ्यात स्वस्त. अमावस्येला मात्र कुणीच काढायचं नाही. अमावस्येला का कुणी प्रवासाला निघतं? निघायचं तसं कुणालाच नव्हतं, पण रीत ती रीत.

तर अशा या तिकिटांनी हॉल्ट वाचवला, आणि आता तीच गळ्याशी आली होती. पुण्यातल्या कुठल्याशा संस्थेनं अहवाल लिहिला होता. सार्थकनं तो पुन्हा एकदा वाचून दाखवला. बोरझरीसारख्या आडगावी रोज एवढी तिकिटं खपतात, त्या अर्थी या स्टेशनाभोवती नवी घरं बांधायला मोठा वाव आहे, असं त्यात छापलं होतं. ते वाचून एक बिल्डर थोरातांच्या चौदा एकरांवर चारशे फ्लॅट बांधायला निघाला होता. चौदा एकर प्लॅटफॉर्मला चिकटून. अट एकच, अहवाल लिहिणाऱ्या बाईंनी जागेवर येऊन खात्री करून सही द्यायची.

"मी म्हणतो, खरं काय ते सांगून टाकू," सोपानराव म्हणाले.

"काय सांगतोस? बारा वर्षं आमी येड्यावानी न बसायच्या गाडीची तिकिटं काढली म्हून? फ्लॅट तर जातीलच, हॉल्ट बी जाईल. मग आबांना वर जाऊन काय तोंड दाखवशील?"

दाराआड सुलक्षणा एक पाऊल पुढं सरकली. फ्लॅटचं तिला सोयरसुतक नव्हतं. पण तिची मोनाली याच शटलनं रोज हडपसरच्या नर्सिंग कॉलेजला जात होती. साऱ्या थोरातांत खरोखर गाडीत बसणारी तेवढी एकटी. तिला शिकायला पाठवताना बापूसाहेबांनी शब्द दिला होता तो मोजून मापून. "गाडी दारात थांबती तवर शिकंल," असा. कॉलेजचं शेवटचं वर्ष बाकी होतं. गाडी थांबायची बंद झाली की पुस्तकं माळ्यावर आणि पोरगी बोहल्यावर, हे सुलक्षणाला पक्कं ठाऊक होतं. स्थळं आत्ताच यायला लागली होती.

"माणसं उभी करू की," सार्थक मोबाइलमधून वर आला. "सभेला करतो तशी. यवतपतूर बसतील, तिथं उतरतील, आपले टेम्पो त्यांना माघारी आणतील. हाय काय आन् न्हाई काय!"

"किती लागतील?"

"एकशे एकावन्न."

दीडशे का नको, हे कुणी विचारलं नाही.

मग घासाघीस सुरू झाली. सोपानराव सासुरवाडीची चाळीस माणसं द्यायला तयार होते, पण प्लॅटफॉर्मच्या तोंडावरचे दोन एकर त्यांच्या वाटणीत धरायचे. बापूसाहेब म्हणाले, दीड. सोपानराव म्हणाले, मग माणसं तीस. खरं बोलण्याची त्यांची हौस कधीच फिटली होती. शेवटी दोन एकरांवर चाळीस माणसं ठरली, तेवढ्यात कोपऱ्यातून आत्याचा आवाज आला.

"मी बी चढणार."

"आत्या, तू कशाला? तुला मोटार लागती, गाडी न्हाई का लागायची?"

"बारा वर्षं तिकिटं काढतीया. एकदा तरी त्या बाकड्याला बूड टेकवू दे की. आन् चौदा एकराच्या कागदावर माझी बी सही लागती, इसरू नगंस."

बापूसाहेब ते विसरत नसत. आबांनी बहिणीचं नाव उताऱ्यावरून काढलं नव्हतं आणि आत्यानं हक्क सोडला नव्हता. त्यांनी सुपारी तोंडात टाकली. म्हणजे बैठक संपली.

"सुलक्षणा," उठता उठता ते दाराकडे न बघता म्हणाले, "बाईंचं चहापाणी तुझ्याकडं. पोटभर खाऊ घाल. बोलायचं मातर काय न्हाई."

मंगळवारी सकाळी बोरझरी हॉल्टनं जन्मात पाहिली नव्हती एवढी माणसं पाहिली. चूक एवढीच झाली की सगळे सजून आले. सार्थकनं निरोप धाडला होता, "नीट कपडे घालून या," आणि थोरातांच्या गोतावळ्यात नीट कपडे म्हणजे लग्नाचे. कोशे पटके, भरजरी लुगडी, पोरांच्या डोळ्यांवर गॉगल. एकाच्याही हातात डबा नाही की पिशवी नाही. रोजचे प्रवासी आपापल्या पाठपिशव्या सावरत कुंपणाला चिकटून उभे होते आणि नवरा कुठं दिसतोय का ते शोधत होते.

"आई, आज मला चढाय तरी मिळणार का?" मोनाली कुरकुरली. "आज प्रॅक्टिकल हाय माझं."

"आत्याआजीजवळ राहा. तिला यवतला नीट उतरव," सुलक्षणा म्हणाली आणि तिच्या डब्यात आणखी एक धपाटा कोंबला.

पुण्याच्या बाई सडपातळ, तिशीच्या, डोक्याला ओढणी गुंडाळलेल्या. नाव धनश्री. त्या हातात वही घेऊन खांबाला टेकून उभ्या राहिल्या. शटल आली. ती इथं मिनिटभर थांबते, आणि त्या मिनिटात एकशे एकावन्न पाहुणे आत कसे गेले ते त्या ग्रामदैवतालाच ठाऊक. बापूसाहेबांचा बेत खाली थांबून बाईंशी बोलायचा होता. पण आत्यानं पायरी चढताना आधाराला त्यांचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. ते आत ओढले गेले. थोरला चढला म्हणून सोपानराव चढले. टेम्पोवाल्याला फोन लावत लावत सार्थकही चढला. गाडी हलली.

प्लॅटफॉर्मवर उरल्या सुलक्षणा, धनश्री आणि तिकिटाच्या खिडकीत ज्ञानू.

ज्ञानूची गोष्ट निराळी. त्याचा बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. ज्ञानू मात्र गावातच स्थिरावला आणि आबांनी त्याला हॉल्टचा तिकीट एजंट केला. साठीचा गडी, तिकीट फाडताना अजून असा बघायचा की जणू कोकरू दुसऱ्याच्या हवाली करतोय.

सुलक्षणानं बाकावर धपाटे, दही, मिरचीचा ठेचा मांडला. बाईंनी दोन धपाटे निमूट खाल्ले, तिसऱ्याला हात लावला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्हाला एक गंमत सांगू? आमच्या कागदांप्रमाणे गेल्या बारा वर्षांत इथून अडीच लाख माणसं यवतला गेली. आणि परत एकही आलं नाही."

सुलक्षणाच्या हातातलं दह्याचं भांडं तिथंच थांबलं.

"गावची वस्ती किती आहे हो?"

"अठराशे," ज्ञानू खिडकीतून म्हणाला. "म्हंजी आता मी आन् वैनी, दोघंच राह्यलो बघा."

"आणि जातात ते कसे, तर एक्कावन्न, एकशे एक, एकवीस. पुन्हा एक्कावन्न, एकशे एक, एकवीस. गुरुवारी त्यात अकरा जास्त. महिन्यातून एक दिवस तर शून्य. मी कॅलेंडर काढून बघितलं, अमावस्या निघाली."

"अवसेला कोण जातंय बाई?" ज्ञानू म्हणाला. त्याला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

धनश्रीनं हात पुसले. "अहवाल लिहिला तेव्हा मी नुसती बेरीज पाहिली होती. चूक माझीच. आता चारशे घरं उभी राहतील आणि माणसं ती घेतील माझ्या सहीवर. म्हणून विचारते. आज चढले ते उद्या चढणार आहेत का?"

एक 'हो' म्हणायचं होतं. सुलक्षणानं तोंड उघडलंसुद्धा. मोनालीचं एक वर्ष, फक्त एक वर्ष त्या एका शब्दावर टांगलेलं होतं. आणि नेमका तेव्हाच ज्ञानू अभिमानानं म्हणाला, "आमच्या पोरानं, सुरजनं, तर पैलं नाव नोंदवलंय फ्लॅटला. भांडगावच्या कंपनीत हाय तो. दोघं नवराबायको राबत्यात, समदी पुंजी घालणार हायत. म्हनलं घाल बिनधास्त. एवढी तिकिटं खपत्यात, स्टेशनाला मरण न्हाई."

"ज्ञानूमामा," सुलक्षणा कळवळून म्हणाली, "अवो ती तिकिटं तर तुमीच आमाला विकताय!"

"मीच विकतो म्हून तर खात्री हाय की."

आता मात्र तिला राहवलं नाही. बारा वर्षं ज्यानं रोज खोटी तिकिटं मोजली, त्याचाच त्या आकड्यावर विश्वास बसला होता. मग सुरजनं कुणाकडं बघायचं? तिनं कनवटीची किल्ली काढली, खिडकीखालची स्वतःची पत्र्याची पेटी उघडली आणि बाईंच्या पुढ्यात तारा ठेवल्या. पुठ्ठ्याची तिकिटं ओवलेल्या जाड जाड तारा. जुनी बिलं घरात ठेवतात तशा तिनं त्या ठेवल्या होत्या, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

"न्हाई चढणार बाई," ती म्हणाली. "उद्या बी न्हाई, परवा बी न्हाई. ही समदी आमीच काढली. हॉल्ट राहावा म्हून. माझी लेक ह्या गाडीनं शिकाय जाती. तुमी खरं लिवलं तर काय हुईल ते मला ठाऊक हाय. तरी बी लिवा."

आणि तिला रडू आलं. धपाट्यांच्या ताटासमोर रडणं बरं दिसत नाही म्हणून तिनं पदर तोंडाला लावला.

धनश्रीनं एक तार उचलून तिकिटं सरकवून पाहिली. मग तिनं विचारलं, "मग खरे किती चढतात? एकटी तुमची मुलगीच?"

"न्हाई वो," ज्ञानू म्हणाला. "खरे लई हायत."

"किती?"

"मोजलं न्हाई कवा. आमचा बा म्हनायचा, मेंढरं मोजू नये, वळखावीत." आणि त्यानं डोळे मिटून वळखायला सुरुवात केली. तांबडी पाठपिशवीवाला, लोणीला उतरतो तो. भाजीची पाटी घेऊन जाणाऱ्या दोघी जावा. हडपसरच्या दवाखान्यातली आया, तिचा डावा पाय लंगडतो. बिहारकडची चार पोरं, एकाच रंगाची टोपी घालणारी. धनश्री वहीत रेघा ओढत गेली. ज्ञानू थांबला तेव्हा त्रेचाळीस रेघा झाल्या होत्या.

"यांची तिकिटं कुठं आहेत?"

"ह्यांचे पास असत्यात महिन्याचे. पास हितं निघत न्हाई, यवतला निघतो. मंग त्ये यवतच्या नावावर."

धनश्री अशी हसली की खांबावरची कबुतरं उडाली. जे कधी चढले नाहीत ते सगळे तिच्या कागदावर होते, आणि जे रोज चढत होते त्यातला एकही नव्हता.

"चारशे घरांवर माझी सही होणार नाही," डोळे पुसत ती म्हणाली. "पण त्रेचाळीस माणसं रोज जातात, तर चाळीसेक लहान घरं नक्की भरतील. ते मी लिहीन. हॉल्टचं माझ्या हातात नाही ताई. ही त्रेचाळीस माणसं खरी आहेत, एवढं मी खात्रीनं लिहू शकते."

तेवढ्यात सुलक्षणाचा फोन वाजला. पलीकडे मोनाली, आणि तिच्यामागं बाजार भरल्यासारखा कल्ला.

"आई, आजी यवतला उतरलीच न्हाई! बारा वर्षांनी जागा मिळालीय, म्हणाली, आता पोरीचं कॉलेज बघूनच उठीन. बापूकाकांचा हात धरून बसली. ते उतरंनात म्हून सोपानकाका उतरंनात, आन् त्यांचं बघून कुणीच उतरंना!"

"आन् तिकिटं? ती तर यवतपतूरचीच!"

"टीसी आला की! आजीनं पिशवीतनं तिची तार काढून त्याच्या हातात दिली. म्हणाली, लेकरा, ही समदी तिकिटं न वापरलेली हायत, ह्यातली कापून घे. त्यो तारंकडं बघतच बसला. शेवटी सार्थकदादाला बाजूला घेतलं आन् दंड भरून घेतला. आता एकशे एकावन्न जण आमच्या कॉलेजात हायत. मॅडम विचारत्यात, कुठल्या लग्नात विषबाधा झालीय का म्हून!"

संध्याकाळी सव्वासहाच्या शटलनं सगळे उतरले. बोरझरीत परत येणाऱ्यांची एवढी तिकिटं पहिल्यांदाच निघाली होती, धनश्री असती तर तिला बरं वाटलं असतं. पटके सुटलेले, गॉगल खिशात गेलेले. सुलक्षणा प्लॅटफॉर्मवर उभी होती. इथं दाराआड उभं राहायला दारच नव्हतं.

"बाई काय म्हणाली?" बापूसाहेबांनी उतरल्या उतरल्या विचारलं.

"मी खरं सांगितलं, भावजी. चारशे न्हाई होणार. चाळीस होतील."

सोपानरावांचे दोन एकर जागच्या जागी विरले. त्यांनी कपाळाला हात लावला. बापूसाहेबांचा हात सवयीनं खिशातल्या अडकित्त्याकडे गेला. सुलक्षणानं मान खाली घातली नाही.

आत्या त्या दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. "चारशेला माझी सही नव्हतीच मिळायची. वाटंत बघितली न्हाईत का ती उंचच्या उंच खुराडी? चाळीसाला देती. त्यातलं एक ज्ञानूच्या पोराला, आन् एक मला. प्लॅटफॉर्मच्या तोंडाला."

 बापूसाहेबांनी अडकित्ता बाहेर न काढताच हात खिशातून काढला आणि बाही वर सारून दंड दाखवला, जणू तिथं काही लिहिलेलं होतं.

"पोरीनं माझा बीपी बघितला," ते म्हणाले. "पांढऱ्या कपड्यात. हितं पट्टा बांधला, आन् मला म्हणाली, काका, बोलू नका, गप बसा. मला! आन् मी बसलो." त्यांनी बाही खाली केली. "गाडी थांबूंदे न्हाईतर नगं थांबूंदे. न्हाई थांबली तर मी सोडीन तिला मोटरसायकलवर यवतपतूर. शिकूंदे."

मोनाली आजीची पिशवी घेऊन मागून येत होती. सुलक्षणानं तिच्या हातातली पिशवी तेवढी घेतली. घरी जाताना वाटेवर सगळे एकच बोलत होते. कॉलेज केवढं मोठं, जिना कसला गुळगुळीत, मोनालीच्या वर्गात तो खराखुरा सांगाडा. सोपानरावांच्या सासुरवाडीच्या माणसांनीसुद्धा तो सांगाडा हात लावून पाहिला होता. सुलक्षणा ऐकत राहिली. भाकऱ्या थापतानाही तिच्या कानात तेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिकिटाची पाळी तिची होती. ती खिडकीशी आली तेव्हा ज्ञानूनं न बघताच यवतची एकवीस तिकिटं मोजायला घेतली.

"एकच द्या, मामा," सुलक्षणा म्हणाली. "हडपसरचं. जाऊन-येऊन."

ज्ञानूनं मान वर केली. तिनं मोनालीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेलं निळं लुगडं नेसलं होतं आणि हातात डब्याची पिशवी होती. "कुणाला पायजे वैनी?"

"मला. साऱ्या गावानं माझ्या लेकीचं कॉलेज बघितलं. मीच तेवढी राहिले."

ज्ञानूनं तिकीट दिलं. सवयीनं तिचा हात तारेकडे गेला, मग थांबला. तिनं तिकीट मुठीत घट्ट धरलं, आणि शटल आली तेव्हा त्रेचाळीस जणांच्या मागोमाग, मोनालीचा हात धरून, ती वर चढली.